ओठावरचे बारीक दाणे, मानेवरच्या चामखिळी, पायावरचे पांढरे ठिपके: घरी कसं बघायचं आणि कशाला हात लावायचा नाही

ओठावर बारीक पांढरट दाणे दिसले की बहुतेक लोक आधी नखाने दाबून बघतात आणि मग मेडिकलमध्ये येऊन "ओठाची ट्यूब द्या" म्हणतात. मी फार्मासिस्ट आहे, दिवसभर काउंटरवर असतो, त्यामुळे हे रोजचंच आहे, आणि दरवेळी मनापासून वाईट वाटतं, कारण ज्या ठिपक्याला काहीच करायची गरज नव्हती त्यावर लोक टूथपेस्ट, लिंबू, चुना, शेजारच्यांकडची अर्धी उरलेली ट्यूब असं सगळं लावून झाल्यावर येतात, आणि मग ठिपका राहतो बाजूला, भाजलेली कातडी बरी करत बसायची वेळ येते. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. निदान करणं डॉक्टरांचं काम, ते त्यांनीच करावं, पण कुठला ठिपका निवांत सोडून द्यायचा आणि कुठल्यासाठी उद्याच दवाखाना गाठायचा एवढं घरच्या घरी नक्की बघता येतं.

आधी ओठ, कारण सगळ्यात जास्त घबराट तिथेच.

दुपारी खिडकीजवळ जा, ट्यूबलाइटखाली नको, बाथरूमच्या आरशात तर नकोच. ओठ कोरडे पुसा, लिपस्टिक लिप बाम काही असेल तर काढा. आता वरचा ओठ दोन्ही बाजूंनी हलकेच ताणा. ओठाच्या लाल भागाला लागून, जिथे ओठ संपतो आणि चेहऱ्याची कातडी सुरू होते त्या कडेला, फिकट पिवळट किंवा पांढरट, रव्याच्या दाण्याएवढे ठिपके दिसले, ताणल्यावर जास्त उठून दिसले आणि सोडल्यावर पुन्हा फिके पडले, दोन्ही बाजूंना साधारण सारखेच असले, दुखत नाहीत, खाजत नाहीत, पाणी येत नाही, तर ते बहुतेक फोरडाइस स्पॉट्स असतात. अमेरिकेतल्या जॉन अ‍ॅडिसन फोरडाइस नावाच्या त्वचारोग तज्ज्ञाने १८९६ मध्ये त्यांचं वर्णन केलं म्हणून ते नाव. आपल्या कातडीत तेल सोडणाऱ्या ग्रंथी असतात, एरवी त्या केसाच्या मुळाला जोडलेल्या असतात, पण ओठावर केस नसतात, तरी तिथे काही ग्रंथी असतातच, आणि ओठाची कातडी पातळ असल्यामुळे त्या वरून दिसतात. बस एवढंच आहे ते. प्रत्येक दाणा १ ते ३ मिलिमीटर. मोठ्या माणसांमध्ये ७० ते ८० टक्के लोकांना हे कुठे ना कुठे असतात, म्हणजे ज्याला नाहीत तोच कमी. जन्मापासून असतात पण वयात येताना हार्मोन्स वाढले की मोठे होऊन दिसायला लागतात, आणि म्हणून अकरावी-बारावीच्या वयात मुलं-मुली घाबरून येतात की अचानक आले म्हणून. अचानक काही आलेले नसतात, आरशात बघणं वाढलेलं असतं आणि ग्रंथीही थोड्या वाढलेल्या असतात, दोन्ही एकदमच होतं.

गालाच्या आतल्या बाजूलाही हे असतात. तोंड उघडून गाल बाहेर ओढून बघा, दाढांच्या समोर पिवळसर ठिपक्यांचा एक पट्टाच दिसतो कित्येकांना. तोही तसाच सोडून द्यायचा.

हे कुणाकडून लागत नाहीत आणि कुणाला देताही येत नाहीत. एकाच ग्लासातून पाणी प्यायल्याने, किस केल्याने, लिपस्टिक शेअर केल्याने असलं काही नाही (लिपस्टिक तरीही शेअर करू नका, पण त्याची कारणं वेगळी). पोट साफ नसल्यामुळे नाहीत, उष्णतेमुळे नाहीत. मागे एक मुलगा गर्दी ओसरेपर्यंत बाजूला उभा राहिला, मग मोबाइल काउंटरवर उलटा ठेवून माझ्याकडे सरकवला, त्यात त्याच्याच ओठाचे इतक्या जवळून काढलेले फोटो की प्रत्येक दाणा शेंगदाण्याएवढा दिसत होता, आणि त्याने विचारलं ते इतकंच की लग्न ठरलंय, तिला सांगावं लागेल का. त्याला मी दुकानातला छोटा आरसा दिला, म्हटलं आधी हातभर अंतरावर धर आणि सांग काही दिसतंय का. नव्हतं दिसत. फोन झूम करून स्वतःची कातडी बघणं पहिलं बंद करा, कुठल्याही माणसाची कातडी एवढ्या जवळून बघितली तर त्यात काहीतरी सापडेलच.

आता लोकांची खरी भीती असते ती हर्पिसची, तर फरक कसा ओळखायचा ते बघा. तापानंतर, उन्हात फिरून आल्यावर किंवा जागरण झाल्यावर ओठ उठतो ना, ते हर्पिस. त्यात आधी एक-दोन दिवस त्या जागेला झिणझिण किंवा चुरचुर होते, मग पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा एक घोस एकाच जागी येतो, दुखतो, फुटतो, पिवळट खपली धरते आणि साधारण आठ-दहा दिवसांत जातो. म्हणजे येतो आणि जातो. फोरडाइस येतही नाहीत आणि जातही नाहीत, जिथे आहेत तिथेच वर्षानुवर्षं असतात. हर्पिस मात्र लागतो, तो असताना लहान बाळाचा पापा घ्यायचा नाही म्हणजे नाही, तान्ह्या बाळाला तो जिवावर बेतू शकतो.

ओठावरच्या अजून तीन गोष्टी पटकन सांगतो. खालच्या ओठावर एकच सपाट तपकिरी ठिपका, कडा स्वच्छ, वर्षानुवर्षं तेवढाच, हा बहुतेक वेळा नुसता रंग साठलेला डाग असतो, बायकांमध्ये जास्त दिसतो. साठीच्या पुढच्या माणसांना ओठावर जांभळा-निळसर मऊ ठिपका येतो, बोटाने दाबला की रिकामा होतो आणि सोडला की हळूहळू पुन्हा भरतो, ती फुगलेली बारीक शीर असते, आयुष्यभर उन्हात काम केलेल्यांना जास्त. तिसरं म्हणजे खालच्या ओठाच्या आत पाण्यासारखा फुगा, ओठ चावला गेला की लाळेची बारीक नळी फुटून तो होतो, बऱ्याचदा स्वतःच फुटून जातो, पण परत परत त्याच जागी भरत असेल तर डेंटिस्टला दाखवायचा, सुईने फोडत बसायचं नाही. यातला रंगाचा डाग वाढायला लागला, दोन-तीन रंगांचा दिसायला लागला किंवा त्यातून रक्त आलं तर मात्र दाखवायचाच.

इथे जरा थांबून तोंडाच्या आतलं बोलतो, कारण महाराष्ट्रात हा भाग सोडून पुढे जाणं मला पटत नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी मावा, खर्रा, तंबाखू-चुना, आणि घराघरांत आया-आज्यांची मिश्री चालूच आहे, आणि गंमत नाही सांगत, मिश्री लावणारी बाई स्वतःला तंबाखू खाणारी समजतच नाही, दात घासते असं म्हणते. तर अशा प्रत्येकाने महिन्यातून एकदा आरशासमोर उभं राहून बॅटरीच्या उजेडात तोंड बघायचं. खालचा ओठ उलटा करून, जिथे तंबाखूची गोळी धरता ती जागा, दोन्ही गाल, जीभ उचलून खाली, जिभेच्या दोन्ही कडा. पांढरा पट्टा दिसला तर स्वच्छ ओल्या फडक्याने पुसून बघा. दुधाच्या सायीसारखा पुसला जाऊन खाली लाल दिसलं तर ती बहुधा बुरशी असते, शुगर असलेल्यांना, कवळी वापरणाऱ्यांना आणि दम्याचा पंप घेऊन चूळ न भरणाऱ्यांना होते, औषधाने जाते. पुसला गेलाच नाही, जाडसर खरखरीत लागला, किंवा लाल मखमली चट्टा दिसला, तर तो निरुपद्रवी धरायचा नाही, त्याच आठवड्यात डेंटिस्टकडे जायचं. फोरडाइसही पुसले जात नाहीत, बरोबर, पण ते सुटे सुटे दाणे असतात, पिवळसर असतात आणि हाताला मऊ लागतात, पट्टा जाड असतो आणि सलग असतो. आणि आपलीच तीन बोटं उभी एकावर एक धरून तोंडात जातात का बघा, जात नसतील, तिखट झोंबत असेल, तर सुपारीने तोंड आवळत चाललंय, तेव्हा वाट बघत बसायचं नाही, दाखवायचं. तोंडातली कुठलीही जखम, गाठ दोन आठवड्यांत बरी झाली नाही तर दाखवायची. दुखत नाही म्हणून काही नाही असं तिथे नसतं, सुरुवातीला दुखतच नाही.

बाळांचं एक सांगायचंय. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या हिरडीवर किंवा टाळूवर मोत्यासारखे पांढरे दाणे दिसतात, घरातली मंडळी म्हणतात दात घेऊन आलं. दात नसतात ते, कातडीतलं केराटिन नावाचं प्रथिन अडकून झालेले दाणे असतात आणि काही आठवड्यांत आपोआप जातात. नाकावर, गालांवर जे बारीक पांढरे टिपके असतात तेही तसेच, मिलिया म्हणतात त्यांना, जवळजवळ निम्म्या बाळांना असतात. कापडाने घासायचे नाहीत, पिठाने रगडायचे नाहीत, आणि टाळूला मध तर अजिबात चाटवायचा नाही, वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये. मोठ्या माणसांनाही डोळ्यांखाली असे कडक पांढरे दाणे येतात, ते पिंपल समजून लोक दाबतात, पण त्यांना तोंडच नसतं त्यामुळे बाहेर काही येत नाही आणि डोळ्याखाली काळा डाग मात्र पडतो. त्वचारोग तज्ज्ञ निर्जंतुक सुईने दोन मिनिटांत काढतात, घरी तो प्रयोग नको.

आता अंगावरचे ठिपके.

मानेवर, काखेत, पापणीवर कातडीच्याच रंगाचे किंवा काळपट, देठाला लोंबणारे मऊ बारीक तुकडे, त्यांना आपण सरसकट चामखीळ म्हणतो. ही अगदी साधी गोष्ट आहे, कातडीला कातडी घासते तिथे येतात, वजन वाढलं की येतात, गरोदरपणात येतात. पण एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो. मानेवर अशा भरपूर चामखिळी आणि त्याबरोबर मानेची घडी काळी, मखमलीसारखी जाड, घासून घासून निघत नाही अशी असेल, तर ती मळाची रेघ नसते, घासणीने मुलांच्या माना सोलू नका. शरीर इन्सुलिनला दाद देत नाहीये याची ती खूण असू शकते. उपाशीपोटी शुगर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) करून घ्या. ठिपक्याचा त्रास शून्य, पण त्याच्यामुळे शुगर वेळेत सापडली तर केवढं चांगलं. तसंच डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, नाकाच्या बाजूला, पापणीवर पिवळट सपाट चकत्या आल्या तर कोलेस्ट्रॉलची तपासणी करा. सगळ्यांचंच वाढलेलं नसतं, पण बऱ्याच जणांचं निघतं.

चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस बांधायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. केसाने ती काळी पडून गळते हे खरं, पण त्या केसाबरोबर तबेल्यातली घाण जखमेत जाते, आणि खरोखर चामखीळच आहे की दुसरं काही हे बांधणाऱ्याला कळलेलं नसतं. त्याहून वाईट म्हणजे चुना आणि धुण्याचा सोडा एकत्र करून मसावर ठेवणं. तो लेप कातडी अक्षरशः जाळतो. हनुवटीवरच्या तांदळाएवढ्या मसासाठी आठ आण्याच्या नाण्याएवढा कायमचा पांढरट व्रण घेऊन फिरणारी माणसं मी बघितलीत, त्यात तरुण मुली जास्त, आणि तो व्रण मग कुठल्याच ट्यूबने जात नाही.

गालांवर, डोळ्यांच्या बाजूला काळे-तपकिरी बारीक उंचवटे हळूहळू वाढत जातात, आईला होते, मावशीला होते, आता मला यायला लागले असं बायका सांगतात, ते खरंच घराण्यातून येतात, सावळ्या आणि काळ्या रंगाच्या कातडीत जास्त येतात आणि काही करत नाहीत. छाती-पोटावर तिशी-चाळिशीनंतर लालभडक टाचणीच्या डोक्याएवढे उंच ठिपके येतात, त्या बारीक रक्तवाहिन्या असतात, लिव्हर खराब झालं असं लगेच कुणी सांगितलं तर घाबरू नका. दंडाच्या मागे काटा आल्यागत खरखर असते ती घासून काढायची नाही, आंघोळीनंतर ओल्या अंगावर मॉइश्चरायझर लावायचा, बास.

लाल ठिपक्यांचं एक मात्र लक्षात ठेवा, विशेषतः पावसाळ्यात. ताप आहे किंवा नुकताच उतरलाय, आणि पायांवर, दंडांवर अचानक सपाट लाल-जांभळे बारीक ठिपके उठलेत. काचेचा पारदर्शक ग्लास घ्या, ठिपक्यांवर दाबून धरा आणि आरपार बघा. दाबल्यावरही ठिपके तसेच लाल दिसले तर ते कातडीखाली उतरलेलं रक्त असतं, डेंग्यूत प्लेटलेट कमी झाल्या की असं होतं. बरोबर हिरड्यांतून रक्त, पोटात दुखणं, सारखी उलटी असेल तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात जायचं, आणि अंग दुखतंय म्हणून ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफेनॅक काहीही घ्यायचं नाही.

पांढरे ठिपके म्हटलं की घरात रडारड सुरू होते, कारण पहिला शब्द डोक्यात येतो तो कोड. (कोडही लागत नाही कुणाला, आणि त्याच्यावर आता चांगले उपचार आहेत, पण ते असो.) चाळिशीनंतर नडग्यांवर आणि हातांवर पावसाचे थेंब पडावेत तसे २ ते ५ मिलिमीटरचे पांढरे स्वच्छ गोल ठिपके येतात, हे वर्षानुवर्षांच्या उन्हाने आणि वयाने येतात, एकमेकांत मिसळून मोठे चट्टे होत नाहीत, सोडून द्या. शाळकरी मुलांच्या गालावर फिकट, कडा अस्पष्ट, थोडे कोंडा सुटल्यासारखे डाग असतात, त्याला लोक जंत झालेत नाहीतर कॅल्शियम कमी झालंय म्हणतात आणि माझ्याकडून कॅल्शियमच्या बाटल्या नेतात. या डागांचा जंतांशी संबंध नाही आणि कॅल्शियमशीही नाही. कोरडी कातडी, ऊन, थोडी अ‍ॅलर्जीची प्रवृत्ती, असं ते आहे. साबण कमी करा, साधं मॉइश्चरायझर किंवा खोबरेल तेल लावा आणि धीर धरा, काही महिने लागतात. जंताची गोळी शाळेत देतात ती मुलांना जरूर घेऊ द्या, पण गालाच्या डागासाठी म्हणून नको. पाठीवर, छातीवर, मानेवर घामाच्या दिवसांत फिकट किंवा तपकिरी, नखाने खरवडलं की बारीक कोंडा निघणारे ठिपके म्हणजे शिबं, ती बुरशी आहे, साध्या औषधाने जाते, फक्त रंग परत यायला दोन-तीन महिने लागतात आणि तेवढ्यात लोक औषध लागू पडलं नाही म्हणून तिसरंच काहीतरी सुरू करतात.

कपाळावर बरोबर टिकलीच्या जागी पांढरा गोल डाग येत असेल तर आधी टिकली बंद करा. टिकलीच्या मागच्या गोंदात असलेल्या एका रसायनामुळे काही जणींच्या कातडीतल्या रंग तयार करणाऱ्या पेशीच मरतात. खाज येत असो नसो, बंद करून दाखवून घ्या, लवकर दाखवलं तर रंग परत येण्याची शक्यता जास्त.

आणि कुठलाही फिकट किंवा तांबूस चट्टा असो, एक परीक्षा करायचीच. डोळे मिटा, घरातल्या कुणाला तरी कापसाच्या वातीने चट्ट्यावर आणि बाजूच्या चांगल्या कातडीवर आलटून पालटून हलकं टेकवायला सांगा, आणि टेकलं की तिथे बोट ठेवा. चट्ट्यावर टेकलेलं कळत नसेल, घाम येत नसेल, तिथले केस गळले असतील, तर तो कुष्ठरोग असू शकतो. घाबरायचं काही नाही, सगळ्या सरकारी दवाखान्यांत त्याचं औषध पूर्ण फुकट मिळतं, सहा महिने किंवा वर्षभर घेऊन माणूस पूर्ण बरा होतो, पण लपवून ठेवलं तर नसा जातात आणि त्या परत येत नाहीत.

आता ज्या जागेबद्दल कुणी मोठ्याने विचारत नाही तिचं. फोरडाइसचेच दाणे पुरुषांच्या लिंगाच्या दांड्यावर आणि अंडकोषाच्या कातडीवर, बायकांमध्ये योनीच्या बाहेरच्या ओठांवर असतात, अगदी तसेच पिवळट, ताणल्यावर दिसणारे. पुरुषांमध्ये लिंगाच्या टोपीच्या कडेने एकसारख्या बारीक मोत्यांच्या एक-दोन ओळी असतात, त्याही नॉर्मल. हस्तमैथुनाने होत नाहीत, संबंधाने होत नाहीत, कुमार मुलांनाही असतात. स्टँडजवळच्या भिंतींवर गुप्तरोगाच्या जाहिराती रंगवलेल्या असतात, तिथे जाऊन हजारो रुपयांची भस्मं आणि काढे घेतलेली पोरं माझ्याकडे येऊन मग साध्या शब्दांत विचारतात, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरची लाज बघवत नाही. उलट एखादा उंचवटा एकाच बाजूला आहे, वाढतोय, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा खडबडीत आहे, जखम झालीये, पाणी किंवा पू येतोय, जांघेत गाठ आलीये, तर नक्की दाखवा. सरकारी मोठ्या दवाखान्यांत सुरक्षा क्लिनिक म्हणून वेगळी खोली असते, तपासणी आणि औषध फुकट, नाव बाहेर जात नाही.

निरुपद्रवी वाटतंय पण शंका राहिली, तर पद्धत अशी. ठिपक्याच्या शेजारी मुलांची कंपासमधली पट्टी धरा आणि दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून फोटो काढा. चार आठवड्यांनी त्याच जागी, त्याच उजेडात परत काढा. रोज काढू नका, रोजच्या फोटोत फरक दिसत नाही, फक्त काळजी वाढते. मधल्या काळात त्यावर काहीही लावायचं नाही, दाबायचं नाही. दुसऱ्या फोटोत आकार वाढला, एक अर्धा दुसऱ्यासारखा राहिला नाही, कडा वेड्यावाकड्या झाल्या, काळा-तपकिरी-लाल असे रंग मिसळले, खपली धरून परत परत रक्त येतंय, यातलं काहीही असेल तर तज्ज्ञाकडे. आपल्या लोकांनी तळपाय, तळहात आणि नखाखालचा काळा डाग विशेष बघायचा, कारण सावळ्या कातडीत तिळाचा कॅन्सर क्वचितच होतो पण झाला तर अशाच जागी जास्त होतो, आणि तळपाय कुणी बघतच नाही.

ट्यूबबद्दल माझी सगळ्यात कळकळीची विनंती. कोणीही, मेडिकलवाल्यानेसुद्धा, ठिपका न बघता दिलेली गोरं करणारी किंवा "सगळ्यावर चालते" अशी मिक्स ट्यूब चेहऱ्याला लावू नका. त्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. पहिले आठ दिवस चेहरा एकदम मऊ, उजळ दिसतो, म्हणून बायका मैत्रिणींना सांगतात, आणि काही महिन्यांत कातडी पातळ, लाल शिरा दिसणारी होते, पिंपल उठतात, ओठांच्या वर केस येतात, आणि ट्यूब बंद केली की आग होते म्हणून परत लावली जाते. सरकारने २०१८ मध्ये अशी बरीच स्टेरॉइड क्रीम्स चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी मागणारे मागतात आणि देणारे देतात. फोरडाइसवर तर कुठलीच ट्यूब चालत नाही, कारण तिथे बरं करण्यासारखा आजारच नाही.

दिसायला आवडत नाही, काढायचंच आहे, असं असेल तर त्यातही काही चूक नाही, तुमचा चेहरा आहे. त्वचारोग तज्ज्ञ चामखिळी आणि गालावरचे काळे उंचवटे रेडिओफ्रिक्वेन्सीने किंवा कॉटरीने, म्हणजे विजेवरच्या बारीक सुईच्या उष्णतेने, काढतात, बधिर करणारी क्रीम लावून, आणि खपली आठवडाभरात पडते. ओठावरचे फोरडाइस कार्बन डायऑक्साइड लेझरने कमी करता येतात, पण ओठ नाजूक जागा आहे, व्रण राहू शकतो आणि दाणे परत दिसू शकतात, हे आधी नीट विचारून घ्या. एकच दाणा ट्रायल म्हणून करून घ्या आणि दोन महिने बघा. आपल्या रंगाच्या कातडीत जखम भरताना काळा डाग पडायची सवय असते, म्हणून लग्नाच्या तोंडावर, हळदीच्या आठ दिवस आधी असलं काही करू नका, निदान तीन महिने हातात ठेवा आणि नंतर सनस्क्रीन सोडू नका. पार्लरमध्ये "मशीन आहे" म्हणून करू नका. पिंपलसाठी देतात त्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांनी फोरडाइसचे दाणे कमी होतात असं कुठेतरी वाचून लोक स्वतःच मागायला येतात, त्या गोळीने गर्भातल्या बाळात गंभीर व्यंग होतं, डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ती घ्यायचीच नसते, आणि थांबवली की दाणे परत येतात ते वेगळंच.

दाखवायचं कुणाला, तर कातडीसाठी एमडी स्किन किंवा त्वचारोगाचा डिप्लोमा केलेले डॉक्टर, तोंडाच्या आतलं डेंटिस्ट. खासगी परवडत नसेल तर जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये स्किन ओपीडी असते, आणि सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. तिथे डर्मोस्कोप नावाच्या भिंगाने बघतात, दुखत नाही, बहुतेक ठिपक्यांचं उत्तर तेवढ्यातच मिळतं. जाताना चेहऱ्याला पावडर, लिपस्टिक, फाउंडेशन काही लावून जाऊ नका, काढलेले दोन्ही फोटो मोबाइलमध्ये वर काढून ठेवा, आणि आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब, तेलं, पुड्या एका पिशवीत घालून न्या, रिकामी ट्यूबसुद्धा, कारण नावं कुणाच्याच लक्षात राहत नाहीत आणि ट्यूबवरचं बघितलं की डॉक्टरांचे निम्मे प्रश्न तिथेच संपतात.